पोस्टरवरचा चेहरा आणि बोंडातली अळी

२०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस अकोल्यात बियाण्यांच्या दुकानांपुढे शेतकऱ्यांच्या लांबच लांब रांगा लागल्या होत्या. ऊन वऱ्हाडातले, म्हणजे कसे ते वेगळे सांगायला नको. डोक्याला दुपट्टे बांधून माणसे तासन्‌तास उभी होती. बाजारात कपाशीचे बियाणे नव्हते असे नाही. इतर वाणांची पाकिटे मिळत होती. पण सगळ्यांना हवा होता तो एकच, नाव झालेला वाण.

वाणावाणांत फरक असतो हे खरे आहे. एकाचे बोंड मोठे असते, दुसरा लवकर वेचणीला येतो, तिसरा हलक्या जमिनीत तग धरतो. परंतु रांगेतल्या बहुतेकांच्या मनात बोंडअळीचीही धास्ती होती, आणि त्या बाबतीत या पाकिटांत फरक नव्हता. बाजारातील बीटी कपाशीच्या संकरित वाणांत अळीला मारणारी जनुके तीच दोन असतात : क्राय-१-एसी आणि क्राय-२-एबी. नाव मोठे झाले म्हणून पाकिटात तिसरे जनुक येत नाही.

या रांगेला हसण्याचा अधिकार आम्हाला नाही. ज्याच्या हाती तपासून पाहायला साधन नाही, तो माणूस नावावर विश्वास ठेवतो. औषध घेताना, मुलासाठी शिकवणी निवडताना आपण सुशिक्षित माणसेही हेच करतो. प्रश्न वेगळा आहे. समाज जेव्हा कामापेक्षा नावाकडे पाहू लागतो, तेव्हा त्या त्या व्यवसायातील कामाचे काय होते? आमचे म्हणणे असे की, प्रत्येक व्यवसायाचा एक दिसणारा भाग असतो आणि एक न दिसणारा. नावाची ओढ वाढली की न दिसणारा भाग आधी गळतो, आणि बहुधा व्यवसाय उभा असतो तो त्याच भागावर. वऱ्हाडातल्या कपाशीची गेल्या वीस-बावीस वर्षांची हकीगत याचे चांगले उदाहरण आहे. ती थोडी सविस्तर पाहू.

भारतात बीटी कपाशीला २६ मार्च २००२ रोजी परवानगी मिळाली. त्यानंतरच्या वर्षांत महाराष्ट्रात या बियाण्याच्या जाहिरातीत नाना पाटेकर दिसले. नट म्हणून त्यांची योग्यता वादातीत आहे. पुढे २०१५ मध्ये मकरंद अनासपुरे यांच्यासह त्यांनी ‘नाम फाउंडेशन’ स्थापन करून दुष्काळग्रस्त शेतकऱ्यांसाठी काम सुरू केले, तेव्हा शेतकऱ्यांविषयीच्या त्यांच्या कळकळीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मुद्दा त्यांच्या हेतूचा नाही. अकोटकडच्या एका शेतकऱ्याला आम्ही विचारले होते, “बियाणे नटाला विचारून घेता का?” तो म्हणाला, “थो शिनेमात कोनाले भेत नाही. मंग आपल्याले काऊन खोटं सांगंन?”

उत्तर भाबडे वाटेल, पण त्यातला तर्क नीट पाहा. पडद्यावरच्या भूमिकेतील निर्भीडपणा त्या माणसाच्या नावावर जमा झाला आणि तिथून तो बियाण्याच्या पाकिटावर गेला. या प्रवासात कोठेही कापूस नाही, जमीन नाही, पाऊस नाही. दुसरीकडे, याच अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. तेथील पैदासकारांनी कोरडवाहू जमिनीसाठी एकेए-७, एकेए-८ यांसारखे देशी वाण, पीकेव्ही रजतसारखा अमेरिकन कपाशीचा सरळ वाण तयार केला. एक वाण तयार करायचा म्हणजे वर्षानुवर्षे निवड, पुन्हा पेरणी, वेगवेगळ्या ठिकाणी चाचण्या. हे काम करणाऱ्यांची नावे अकोल्यातल्या किती शाळकरी मुलांना माहीत असतील? ती ठाऊक असलीच पाहिजेत असा आमचा आग्रह नाही. पण त्या कामाची पद्धत तरी ठाऊक असावी, एवढे मागणे फार नाही.

आता न दिसणाऱ्या भागाकडे येऊ. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचे एक छोटे पाकीट मिळत असे. त्यात बीटी नसलेले साधे बी असे. परवानगीची अटच अशी होती की बीटी कपाशीच्या भोवती निदान पाच ओळी किंवा क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढी, साधी कपाशी लावावी. याला आश्रयपिके किंवा ‘रेफ्युजी’ म्हणत. अनेक शेतकऱ्यांनी हे पाकीट बांधावर टाकून दिले किंवा घरातच ठेवले. मुद्दाम अळीला खायला पऱ्हाटी लावायची, ही गोष्ट कोणाला पटणार? ती पटवून देण्यासाठी मेंडेल समजावून सांगावा लागतो, आणि ते तीस सेकंदांच्या जाहिरातीत बसत नाही. वर्गात मात्र ते सहज बसते.

समजा, बीटीच्या विषाला दाद न देण्याचे जनुक अळ्यांमध्ये हजारात एक या प्रमाणात आहे, आणि ते अप्रभावी आहे. म्हणजे अळीकडे त्या जनुकाच्या दोन्ही प्रती असतील तरच ती बीटी झाडावर जगेल. दोन्ही प्रती असण्याची शक्यता हजारात एक गुणिले हजारात एक, म्हणजे दहा लाखांत एक. आता सगळीकडे फक्त बीटी कपाशी असेल, तर बाकीच्या अळ्या मरतील आणि वाचलेल्या मोजक्या प्रतिकारक्षम पतंगांना जोडीदार मिळेल तो आपल्यासारखाच. त्यांची सगळी पिल्ले प्रतिकारक्षम. उलट, शेजारी साध्या कपाशीच्या ओळी असतील तर तेथून हजारो साधे पतंग बाहेर पडतील. त्या एका प्रतिकारक्षम पतंगाचा संकर बहुधा साध्याशीच होईल. पिल्लांकडे त्या जनुकाची एकेकच प्रत येईल आणि ती बीटी झाडावर मरतील. टाकून दिलेल्या १२० ग्रॅमच्या पाकिटाचे काम एवढे होते.

येथे वऱ्हाडातल्या एका जुन्या रीतीचाही उल्लेख करायला हवा. कपाशीत तुरीचे तास टाकण्याची पद्धत आपल्याकडे पूर्वापार आहे. हिरवी बोंडअळी तुरीवर, हरभऱ्यावरही जगते. त्यामुळे तिच्या साध्या पतंगांना आपोआप आश्रय मिळत राहिला. गुलाबी बोंडअळीचे तसे नाही. ती जवळजवळ फक्त कपाशीवरच जगते. तिच्यासाठी ते छोटे पाकीटच काय तो आश्रय होता.

यात आणखी एक गोष्ट मिळाली. अमेरिका-ऑस्ट्रेलियात बीटी जनुके सरळ वाणांत आहेत. आपल्याकडे ती संकरित वाणांत आली. संकरित झाडाच्या बोंडातली सरकी ही पुढची पिढी असते. त्यात गुणांची फाटाफूट होते. दोन जनुकांसाठी मेंडेलचे ९:३:३:१ हे गुणोत्तर लावले, तर एकाच झाडाच्या सोळा सरक्यांपैकी सरासरी नऊंत दोन्ही विषे, सहांत एकेक आणि एकीत एकही नाही. गुलाबी अळी सरकीच खाते. म्हणजे अळीला थोड्या थोड्या विषाची सवय लावण्याची सोय आपण बोंडातच करून दिली. त्यातच लांब मुदतीचे वाण, आणि पाण्याची सोय असेल तेथे उन्हाळ्यापर्यंत ठेवलेली फरदड. अळीला खाद्य कमी पडले नाही.

परिणाम व्हायचा तो झाला. मार्च २०१० मध्ये खुद्द बियाणे कंपनीनेच जाहीर केले की गुजरातच्या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी एक जनुक असलेल्या बीटीला दाद देत नाही. पुढे दोन जनुकांच्या बीटीचीही तीच गत झाली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातल्या शेतकऱ्यांनी उभ्या पिकात नांगर घातले. या अळीचा एक विशेष असा की ती कोवळ्या बोंडात शिरली की छिद्र बुजते. बाहेरून बोंड धडधाकट दिसते. फोडल्यावरच कळते.

एका जाहिरातीमुळे हे घडले असे म्हणणे अशास्त्रीय ठरेल. कारणे अनेक होती : धोरण, बाजार, संकरित वाणांचा सुळसुळाट, सरकारी देखरेखीची ढिलाई. पण या सगळ्यांत एक समान गोष्ट दिसते. सगळ्यांची नजर जनुकावर, म्हणजे नायकावर होती; आश्रयाच्या ओळी, वेळेवर पीक काढणे, डोमकळ्या वेचणे, सापळ्यातले पतंग मोजणे ही दुय्यम पात्रांची कामे कोणाच्याच नजरेत नव्हती. गावपातळीवरचा कृषी खात्याचा माणूस नेमके हेच सांगत असतो : फरदड घेऊ नका, डोमकळ्या तोडा, एकरी कामगंध सापळे लावा. पण त्याचा फोटो कोठे नसतो. त्याच्याकडे अनेक गावे आणि त्याहून अधिक कागद असतात. शेतकरी त्याचे ऐकेनासा झाला, आणि आपले कोणी ऐकत नाही हे कळल्यावर त्यानेही सांगणे सोडले. व्यवसाय असा आतून पोखरला जातो.

तीच अळी आणि तेच जनुक अमेरिकेतही होते. ॲरिझोनातल्या शेतकऱ्यांनी आश्रयपिके खरोखर लावली. २००६ पासून तेथे प्रयोगशाळेत वाढवलेले वंध्य पतंग शेतांवर सोडले गेले, कामगंध वापरले गेले, वर्षानुवर्षे मोजणी झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेतल्या कपाशीच्या शेतांतून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याची घोषणा झाली. जनुक मोठे ठरले ते या कंटाळवाण्या कामांच्या आधाराने.

नावाचा मोह फक्त कंपन्यांना आणि शेतकऱ्यांना असतो असे समजू नये. आम्हा वैज्ञानिकांच्या घरातही हेच आहे. २००८-०९ मध्ये सार्वजनिक संशोधन संस्थांनी ‘बिकानेरी नर्मा’ ही देशी बनावटीची पहिली बीटी कपाशी मोठ्या गाजावाजात आणली. धारवाडचे कृषी विद्यापीठ, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि दिल्लीची जैवतंत्रज्ञान संस्था तिच्याशी संबंधित होत्या. गरीब शेतकऱ्याला दरवर्षी घरचे बी राखता येईल, हा उद्देश अत्यंत चांगला होता. पण त्या बियाण्यात बहुराष्ट्रीय कंपनीचे जनुक आढळले आणि ते मागे घ्यावे लागले. डॉ. सोपोरी यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या २०१२ च्या अहवालातही हे नमूद झाले. बियाण्यात नेमके कोणते जनुक आहे हे तपासणे ही आमच्या व्यवसायातली प्राथमिक गोष्ट. ती बियाणे शेतात पोचण्याआधी हवी तितकी काटेकोर झाली नाही, याची खंत कोणत्याही संशोधकाला वाटली पाहिजे. ‘पहिले’ होण्याच्या ओढीत ‘पुन्हा तपासणे’ मागे पडते, हे आम्ही आमच्याच प्रयोगशाळांत पाहतो. पुन्हा तपासणाऱ्याला पुरस्कार नसतो.

नैसर्गिक शेतीच्या बाजूलाही चित्र निराळे नाही. अमरावती जिल्ह्याचे सुभाष पाळेकर यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात शून्य खर्चाच्या शेतीचा उल्लेख झाला. त्याच वर्षी राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने पुरेशा शास्त्रीय चाचण्यांशिवाय तिचा प्रसार करू नये असे सुचवले. ही पद्धत बरोबर की चूक, हा या लेखाचा विषय नाही. वाद कसा झाला ते महत्त्वाचे. एक बाजू म्हणे, एवढा मोठा माणूस चुकेल कसा? दुसरी म्हणे, हा वैज्ञानिक थोडाच आहे? दोघेही माणसाविषयीच बोलत होते. एकाच काळ्या जमिनीत, शेजारी शेजारी वाफे करून, पाच हंगाम मोजून पाहू, असे म्हणणारा आवाज दोन्ही गोंगाटांत हरवला.

आता आपल्या, म्हणजे शिक्षकांच्या व्यवसायाकडे वळू. निकाल लागले की अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या मोठ्या चौकात उभे राहून वर पाहावे. शिकवणी वर्गांचे फलक दिसतात. त्यावर मुलांचे चेहरे, गुण, आणि त्यांच्या वर हात बांधून उभे असलेले ‘सर’. राज्य मंडळाने गुणवत्ता यादी जाहीर करणे बंद केले, ती यादी आता चौकात लागते, एवढाच फरक. फलकावर चमकणारी मुले हुशार आणि कष्टाळू असतात, त्यांचे कौतुक व्हावे. पण आपण अपूर्णांक शिकवतो, तेव्हा फलकाकडेही अपूर्णांक म्हणून पाहायला हवे. फलकावर दहा चेहरे आहेत. हा झाला अंश. छेद कोठे आहे? दहा कितींपैकी? शंभरांपैकी की तीन हजारांपैकी? उरलेली मुले कोठे गेली, आणि ही दहा मुले शिकवणीला येण्याआधी कोठे शिकली? छेद नसलेल्या अंशाला गणितात अर्थ नसतो. चौकात मात्र त्याला भाव असतो.

बियाण्याच्या जाहिरातीतही तेच असते : एकरी विक्रमी उत्पादन घेणाऱ्या शेतकऱ्याचा फोटो हा अंश, उरलेले सगळे शेतकरी हा छेद.

याचा शाळेवर काय परिणाम होतो, तो आम्ही एका विज्ञान प्रदर्शनात पाहिला. परीक्षक म्हणून गेलो होतो. शाळेचे नाव सांगण्याची गरज नाही. एका दालनात ज्वालामुखी धूर सोडत होता, दुसऱ्यात यंत्रमानव हात हलवत होता. पाहुणे तेथेच थांबत होते. कोपऱ्यात नववीच्या दोन मुली एका वहीसह बसल्या होत्या. त्यांनी दीड महिना रोज सकाळी शाळेच्या विहिरीतील पाण्याची पातळी दोरीने मोजली होती आणि पावसाच्या आकड्यांशेजारी मांडली होती. आलेख वाकडातिकडा होता. मधले दोन दिवस रिकामे होते, आणि ‘ताप आल्यामुळे मोजले नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिले होते. आम्ही त्यांना पहिला क्रमांक द्यावा असे सुचवले. यजमानांपैकी एकजण अवघडून म्हणाले, “पण त्यात फोटो काढण्यासारखे काही नाही.” शेवटी पहिला क्रमांक यंत्रमानवाला गेला. तो बाजारातून सुटे भाग आणून जोडलेला होता. आम्ही आग्रह धरला नाही, याचा सल अजून आहे. त्या दिवशी त्या मुली जे शिकल्या, ते आम्हीही त्यांना शिकवले.

मग प्रसिद्धी वाईटच का? तसे म्हणणे घाईचे होईल. पोलिओच्या डोसासाठी अमिताभ बच्चन यांनी दूरदर्शनवरून केलेले आवाहन देशभर पोचले. भारतात पोलिओच्या वन्य विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. पण तेथे नटाचा आवाज आईला बूथपर्यंत आणत होता, आणि बूथवर बर्फाच्या पेटीत जपलेली लस घेऊन कोणीतरी बसलेले होते. न आलेल्या मुलांसाठी ते घरोघर जाऊन दारावर खडूने खुणा करत होते. प्रसिद्धीने लोकांना कामाकडे पाठवले. ती कामाच्या जागी उभी राहिली नाही.

आपल्याच मातीतले याहून थोर उदाहरण गाडगेबाबांचे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या या माणसाएवढी कीर्ती वऱ्हाडात क्वचितच कोणाला मिळाली असेल. गावात आले की ते आधी झाडू हाती घेत. पाया पडणारे त्यांना खपत नसत. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. कीर्तनाला जमलेल्या गर्दीची नजर त्यांनी स्वतःवर फार वेळ ठरू दिली नाही. ती गटाराकडे, नवसाच्या बोकडाकडे, मुलाच्या शाळेकडे वळवली. प्रसिद्धी तपासण्याची कसोटी यातून मिळते. एखादा नामवंत आपल्याला कामाकडे पाठवतो की काम विसरायला लावतो, एवढेच विचारावे.

शिक्षकांच्या हाती या बाबतीत पुष्कळ आहे. वर्गात येणारी प्रत्येक जाहिरात अपूर्णांक म्हणून मांडा आणि मुलांना छेद शोधू द्या. प्रदर्शनात एक बक्षीस सर्वांत नीट ठेवलेल्या नोंदवहीला ठेवा, आणि रिकाम्या दिवसांची कबुली देणाऱ्याचे गुण कापू नका. शाळा कपाशीच्या मुलखात असेल तर आणखी एक गोष्ट करता येईल. ऑगस्टमध्ये पऱ्हाटी फुलावर आली की जवळच्या एखाद्या शेतात, शेतकऱ्याच्या संमतीने, गुलाबी बोंडअळीचा कामगंध सापळा लावा. रोज सकाळी दोन मुलांनी जाऊन अडकलेले पतंग मोजायचे. सलग तीन रात्री सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले, तर उपाय करण्याची वेळ आली असे समजतात. न उमललेल्या, गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या फुलाला डोमकळी म्हणतात. तीत अळी असते, म्हणून ती तोडून नष्ट करायची. हे मुलांना शेतकरीच दाखवील.

मोजलेला आकडा शाळेच्या फळ्यावर लिहावा आणि ग्रामपंचायतीच्या फलकावरही. मोजणाऱ्या मुलांची नावे लिहायची की नाही, ते ज्याने त्याने ठरवावे. तारीख मात्र लिहावी. उद्याचा आकडा आला की आजचा त्याच्याशी ताडून पाहता येतो.